अळणी नवस

"वहिनी, एक लक्षात ठेवा. मीठ आणि पाणी. दोन्ही रोज जसं चालतं तसंच चालू द्यायचं. उपासतापास, डाएट, काहीही करायचं झालं तर आधी मला फोन करा."

कांचन हे बोलली तेव्हा मृदुलाचं निम्मं लक्ष तिच्याकडे होतं आणि निम्मं इरावतीकडे. पोरगी लॉलीजच्या, गोळ्या-चॉकलेटांच्या रॅकला लोंबकळत होती. न्यूझीलंडातल्या पुकेकोहे गावच्या हमरस्त्यावरचं औषधाचं दुकान, पाठीमागं खोळंबलेली माणसं आणि त्यात नवऱ्याच्या डोक्याच्या गोळ्यांवर बोलणं. रांगेत मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी मृदुलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काउंटरपलीकडची कांचन मूळची सांगलीची. घाईतसुद्धा सावकाश बोलणारी.

"अहो, आमच्याकडे उपासाला माणसं दुप्पट खातात," मृदुला म्हणाली. "खिचडीत मीठ कमी पडलं तर भांडणं होतात आमच्यात."

कांचन हसली आणि लगेच म्हणाली, "तरीपण."

ते 'तरीपण' काउंटरवरच राहिलं. मृदुलानं गोळ्या पिशवीत टाकल्या, पोरीला काखोटीला मारलं आणि ती बाहेर पडली.

तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. चंद्रहासनं गोळी सोडली तर?

दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात चंद्रहासची झोप उडाली होती. सुरुवातीला तिला बरंच वाटलं. माणूस उत्साहात होता, बोलत होता, हसत होता. मग जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीच्या दहिवरात एका पहाटे तो उघड्या अंगानं, अनवाणी ट्रॅक्टरवर चढला आणि काढणीला आलेला अख्खा पालक त्यानं नांगरून टाकला. जमिनीचे मालक जगदीशभाई धावत आले, तर त्यांच्या गळ्यात पडून म्हणाला, "सगळ्या ऑकलंडला मी एकटा जेवू घालणार आहे." पुढं पोलीस आले, इस्पितळ झालं, आणि लिथियमची गोळी सुरू झाली. हळूहळू तिचा नवरा तिला परत मिळाला. थोडा संथ, थोडा जाडसर, पण तिचा.

मृदुला शिकलेली होती. बी.कॉम. झालेली, वाचणारी. तिनं फोनवर रात्रंदिवस वाचून काढलं होतं आणि त्यातून एकच ओळ उरात धरली होती: बरं वाटलं की माणसं गोळी बंद करतात आणि आजार उलटतो. तेव्हापासून ती त्याच्या गळ्याकडे बघायची. गोळी तोंडात गेली, पाणी गेलं, गळ्याची घाटी वर-खाली झाली. मग ती श्वास सोडायची.

*

त्या वर्षी नाताळपासून पाऊस नव्हता. टेकडीवरची तांबडी माती भाजल्यासारखी झाली होती. पाऊल टाकलं की धुरळा घोट्यापर्यंत चढायचा. कांदा मात्र बरा आला होता. जगदीशभाईंकडून खंडानं घेतलेल्या तुकड्यात चंद्रहासनं पहिल्यांदाच कांदा केला होता. एरवी मेथी, कोथिंबीर, पातीचा कांदा, शहरातल्या देशी दुकानांना लागणारा माल. कांदा उपटून ओळींनी पसरला होता. माना सुकल्या की पात कापायची आणि बिनांमध्ये, मोठ्या लाकडी खोक्यांत भरून शेडात न्यायचा. मजूर सगळे मोठ्या बागायतदारांनी आधीच उचलले होते. उरलं घर. चंद्रहास, मृदुला, आणि कंबर धरून का होईना, सासूबाई.

श्यामलाबाई पुरंदरकडच्या. दोन वर्षांपूर्वी लेकाचं ऐकून आल्या, त्या इथल्याच झाल्या. संक्रांतीच्या संध्याकाळी पंखा लावून त्या तिळाच्या वड्या थापत होत्या. घाम हनुवटीवरून ताटात पडू नये म्हणून पदर गळ्याशी गुंडाळलेला.

"चंदू, उद्यापासून तुला अळणी जेवायचंय," त्या वर न बघता म्हणाल्या.

"का? मी काय केलं?"

"मी बोलले होते सूर्यनारायणाला. माझ्या लेकराचं वर्ष नीट जाऊ दे, संक्रांत ते रथसप्तमी अळणी जेवंल. गेलं का न्हाई वर्ष नीट?"

"बोलायच्या आधी मला विचारायचंस की."

"तवा तू विचारण्याजोगा होतास का?"

चंद्रहासनं वडीचा तुकडा तोंडात टाकला, हळूहळू चघळला आणि हसला. त्या हसण्यात हार होती, ती मृदुलाला दिसली.

"आई, आणि गोळी?" तिनं विचारलं.

"गोळी घेऊ दे की! गोळीला मी कधी नको म्हटलं? तुझ्या दिरासारखी गोळीला विष म्हणणारी मी न्हाई. मीठच सोडायचंय फक्त."

मृदुलाच्या छातीवरचा दगड उतरला. सासूबाई गोळीच्या बाजूला होत्या, आणखी काय हवं? मीठ, मीठ... कांचन काहीतरी म्हणाली होती खरी. जास्त खाऊ नका, असंच असणार. सगळे डॉक्टर तेच तर सांगतात.

"कांचनला एकदा विचारू का?" तरी ती म्हणाली.

"मीठ खाऊ का म्हणून विचारायला फोन करणार?" चंद्रहास म्हणाला. "उद्या परसाकडं जाऊ का तेही विचार. सगळ्या गावाला कळू दे, माझ्या ताटात काय असतं ते."

विषय तिथंच संपला. गावाकडे संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे थंडीचे दिवस; माणूस गोधडीतून उठून अळणी भाकरी खातो आणि शेकोटीला बसतो. इथं तो भर उन्हाळा आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही. आलंच असतं, तर श्यामलाबाई म्हणाल्या असत्या, देवाला काय उन्हाळा आणि काय हिवाळा.

*

सकाळी उजाडताच तिघं रानात उतरायची. चंद्रहास ओळीतून वाकून चालायचा, डाव्या हातात कांद्यांचा झुबका, उजव्या हातात कातर. कच्. मान तुटली की कांदा बादलीत. बादली भरली की बिनात. उन्हं चढली की त्याचा शर्ट पाठीला चिकटायचा आणि दुपारी वाळला की त्यावर पांढरे नकाशे उमटायचे. बगलेत, कण्यावर, कॉलरवर. मृदुला मशीनमध्ये टाकण्याआधी ते नकाशे नखानं खरवडायची. दुपारी घरात बिनमिठाची आमटी, बिनमिठाची भाकरी. तो दोन घास खायचा आणि ताट सारायचा.

"पाणी पी," ती म्हणायची.

"पाणीपण अळणीच लागतं गं," तो म्हणायचा. अर्धा ग्लास ठेवून पुन्हा रानात.

शनिवारी ऑकलंडच्या पार उत्तर टोकाच्या अल्बनीहून धाकटा दीर समीर आला. आयटीतला माणूस, हातांची कातडी मऊ, पण भावाच्या कांद्यासाठी सुट्टी मोडून येणारा. तासाभरात त्याच्या तळहाताला फोड आले. चंद्रहास कंबरेवर हात ठेवून उभा होता, सरळ होता येत नव्हतं.

"दादा, थांब." समीरनं गाडीतून आयबुप्रोफेनचं पाकीट आणलं. "दोन घे आत्ता. आणि रोज घे, काम संपेपर्यंत. साधी गोळी आहे, सुपरमार्केटात मिळते. तुझ्या त्या दुसऱ्यासारखी नाही."

"आली का गाडी रुळावर," मृदुला म्हणाली.

"वहिनी, मी वाईटासाठी बोलत नाही. किती वर्षं घेणार हा? त्या गोळ्या माणसाचा भाजीपाला करतात. दादा बघ, पूर्वी कसा होता. आमच्या ऑफिसात एक जण आहे, सगळं सोडलं त्यानं. ध्यान, पोहणं, मॅग्नेशियम. एकदम स्वीट अ‍ॅज, मस्त आहे."

"तुझं शास्त्र तुझ्या अल्बनीला ठेव, समीर. पालक नांगरला तेव्हा तू नव्हतास."

"माझ्या डोक्यावरून भांडताय," चंद्रहास म्हणाला, "तर एकेक कातर घ्या हातात. भांडणाबरोबर पातपण कापली जाईल."

तिघंही हसली. त्यानं समीरच्या दोन गोळ्या घशात टाकल्या. त्या गोळ्यांच्या वेळी मृदुलानं त्याच्या गळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

*

पहिल्यांदा दिसला तो चहाचा कप. बशीत कप वाजत होता, दात वाजावेत तसा. मग कातर. पात सोडून त्यानं बोटाची कड कापली. मग एका दुपारी बादली उचलताना तो एका बाजूला झोकांडला आणि कांदे घरंगळत गेले.

"अशक्तपणा आलाय," श्यामलाबाई म्हणाल्या. "थोडेच दिस राहिले. सोसंल."

हे काय आहे ते मृदुलाला ठाऊक होतं, असं तिला वाटलं. गोळी चुकवतोय. समीरनं कान भरले आणि हा गोळी चुकवतोय. कांदे आत येईपर्यंत गोळीची पातळी बघणारी रक्ताची तपासणीही यानंच पुढं ढकलली होती. का ढकलली असेल?

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिनं गोळी स्वतः त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली, पाणी प्याला.

"तोंड उघड," ती म्हणाली.

"काय?"

"उघड ना. जीभ वर कर."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे. श्यामलाबाई तव्यावरची भाकरी उगाच फिरवत राहिल्या. त्यानं तोंड उघडलं, जीभ वर केली. कडा पिवळट, कोरड्या पडलेल्या. खाली काही नव्हतं.

"लिफ्ट युअर टंग, बाबा!" उंच खुर्चीतून इरावती ओरडली. "माय टर्न, माय टर्न!" आणि स्वतःची जीभ टाळूला लावून दाखवू लागली.

चंद्रहास उठला. दाराच्या चौकटीला खांदा आपटला, तरी न थांबता बाहेर गेला. परसात जाऊन ओकला. मृदुला मागोमाग गेली. मातीत पिवळं पाणी पडलेलं. त्यात गोळी दिसते का, ती वाकून बघू लागली, काडीनं उकरून. गोळी दिसली नाही. विरघळली असेल, पडूनही गेली असेल. आजची गोळी वाया गेली तर? तिनं आत जाऊन दुसरी आणली.

"आत्ताच घेतली की गं."

"उलटून पडली. घे."

"मृदुला, पोटात ढवळतंय."

"माझ्यासाठी घे."

त्यानं घेतली. पुढंही तो ओकला की ती गोळी पुन्हा द्यायची. आपण खंबीर राहिलो, असं तिला वाटायचं. घरात एकजण तरी जागं असायला हवं.

उत्तरेकडून वादळ येणार असल्याच्या बातम्या सुरू झाल्या. पसरलेला कांदा भिजला तर सगळा सडणार. चंद्रहास ट्रॅक्टरवर बसून बिनं शेडाकडे ओढू लागला. ट्रॅक्टर ओळ सोडून आडवा जायचा, एकदा कांद्यांच्या दोन ओळी चाकाखाली गेल्या. बांधावरून जगदीशभाई बघत होते. तीन पिढ्या पुकेकोहेत शेती केलेले, मूळचे गुजराती. पोटाला पट्टा बांधलेला, डोक्यावर पेंढ्याची हॅट. ते सावकाश आले, ट्रॅक्टरची चावी फिरवून त्यांनी ती खिशात टाकली.

"चंदरभाई, आज बस करो."

चंद्रहास काहीतरी बोलला. शब्द एकमेकांना चिकटून बाहेर आले. जगदीशभाईंनी मृदुलाला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बेटी, पीने लगा है क्या?"

"नाही! नहीं. थोडी तबियत..."

"मेरे बाप के जमाने से देखता हूँ. शरम मत करो. मुझे बोलो."

शेडाच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या दोन मजुरांनी माना वळवल्या. मृदुलाचं तोंड भाजल्यासारखं झालं. दारुड्या म्हणवून घ्यावं की वेडा? दोन्हीतलं काय बरं, याचा ती क्षणभर खरंच विचार करत राहिली. मग म्हणाली, "धूप लगी है," आणि नवऱ्याला धरून घरी घेऊन आली. त्याच्या सबंध दंडातून कापरं येत होतं, आतून कुणीतरी गदगदा हलवत असल्यासारखं.

*

रथसप्तमीला सकाळी आभाळ स्वच्छ होतं. वादळ अजून समुद्रावर होतं म्हणे. श्यामलाबाईंनी दाराबाहेरच्या ओट्यावर पाटावर तांदळाचा सूर्य काढला, सात घोडे काढले. उघड्यावर आगीला बंदी होती म्हणून गोवऱ्यांऐवजी गॅसच्या छोट्या शेगडीवर मातीचं बोळकं ठेवलं, त्यात दूध. सूर्य वर येऊन उत्तरेकडे कलायला लागला होता. इतकी वर्षं डोक्यावरून दक्षिणेला जाणारा सूर्य इथं उलटाच फिरतो, याची त्यांना अजून सवय नव्हती. "हिकडं व्हय," पुटपुटत त्यांनी पाट फिरवला.

"चंदू, ये बाबा. अर्घ्य दे, आणि मग मीठ घालून पहिला घास मी भरवते."

चंद्रहास आला. पाय फाकवून, बोटीत चालल्यासारखा. पायजमा मागून ओला होता. सकाळपासून जुलाब होत होते. मृदुलानं त्याच्या हातात तांब्या दिला. तांब्या वाजत होता. पाण्याची धार पाटावर न पडता त्याच्याच पायांवर पडली.

"म्हण, ॐ मित्राय नमः," श्यामलाबाई म्हणाल्या.

त्याचे ओठ हलले. "मि... मी... पालक..." तो म्हणाला. डोळे कुणावरच ठरत नव्हते. मग तांब्या सुटला, आणि सबंध माणूस एका अंगावर पाटावर पडला. तांदळाचे घोडे विखुरले. बोळक्यातलं दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरलं.

"चंदू! आरं लेकरा!"

पालक. मृदुलाच्या कानात तेवढाच शब्द वाजला. आलं. परत आलं. ती आत धावली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरची बाटली उचलली, झाकण काढलं. एक की दोन? एवढं झालंय, दोन द्याव्यात का? गोळ्या तिच्या तळहातावर होत्या. घामानं त्यांची पांढरी पूड बोटांना लागत होती. बाहेर सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, इरावती रडत होती. दोन द्याव्यात का, एवढं विचारावं म्हणून तिनं फोन लावला.

"कांचन, मी मृदुला. त्याला परत झालंय. बरळतोय, पडलाय. मी दोन देऊ का?"

"थांबा. थांबा, वहिनी. हात कापतात?"

"हो. सगळंच कापतंय."

"चालताना झोक जातो? जुलाब, उलट्या?"

"हो, पण ते... हो."

"जेवण कसं आहे त्याचं?"

"जेवतो थोडं. अळणी जेवतोय ना, नवस होता. संक्रांतीपासून..."



"गोळी देऊ नका," कांचन म्हणाली. एरवी सावकाश बोलणारी बाई, पण आता एकेक शब्द टोचल्यासारखा. "एकही देऊ नका. बाटली इस्पितळात सोबत न्या. फोन ठेवा आणि एकशे अकरा लावून ॲम्ब्युलन्स बोलवा. लिथियम, मीठ बंद, एवढं सांगा. कुशीवर झोपवा त्याला. जा."

मृदुलानं तळहाताकडे पाहिलं. मग त्या गोळ्या तिला हातातून टाकताच येईनात. बोटं मिटून गेली होती. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवून तिनं त्या बाटलीत परत ढकलल्या.

ॲम्ब्युलन्स आली. लाल केसांची धिप्पाड बाई ओट्यावर गुडघे टेकून बसली, तिनं इथल्या रिवाजाप्रमाणे माओरीत नमस्कार केला. "किआ ओरा, चान्द्रा. कॅन यू स्क्वीझ माय हॅन्ड?" मग वर बघून, "हॅज ही बीन ड्रिंकिंग, लव्ह?"

"नो!" मृदुला किंचाळली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "नो सॉल्ट! ही हॅज नॉट ईटन सॉल्ट!"

*

इस्पितळात त्याला यंत्राला जोडलं. मानेत नळी, नळीतून रक्त बाहेर, गाळून परत आत. समीर अल्बनीहून आला तो बूट न घालता, घरातल्या जॅन्डल्सवर, रबरी चपलांवरच. इरावती जगदीशभाईंच्या घरी होती. जगदीशभाईंनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "बेटी, मैंने गलत बोला. माफ करना."

समीर भिंतीला टेकून उभा होता. "मी सांगत होतो," तो म्हणाला. "विष आहे ते. सांगत होतो ना मी?"

किडनीची डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळं. ती समोर स्टूल ओढून बसली. तिनं सोप्या इंग्रजीत सांगितलं, आणि मृदुलानं ते सासूबाईंसाठी मराठीत केलं. शरीराला मीठ मिळेना. घामावाटे होतं तेही गेलं. मग मूत्रपिंडं मिठासाठी हपापली आणि मिठाबरोबर त्यांनी लिथियमही धरून ठेवलं. गोळी तीच, पण रक्तात साठत गेली.

"आणखी काही घेत होता का? पाठदुखीचं वगैरे?" डॉक्टरनं विचारलं.

समीरनं तोंड उघडलं आणि मिटलं. "आयबुप्रोफेन," तो म्हणाला. "मी दिलं. साधी गोळी आहे ना ती? सुपरमार्केटात मिळते."

"त्यानंही वाढतं," डॉक्टर म्हणाली. समीर भिंतीवरून घसरत खाली बसला.

मृदुलाला वाटलं, आपण आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. "उलटी झाली की मी परत गोळी द्यायचे," ती म्हणाली. "मला वाटलं, तो चुकवतोय. मी तोंड उघडायला लावायचे."

"चुकवत नव्हता," डॉक्टर म्हणाली. "रक्तच सांगतंय. सांगितलंत ते बरं केलंत, आम्हाला उपयोग होतो."

"म्हणजे आता ही गोळी कायमची बंद?" समीरनं खालूनच विचारलं.

"आत्तापुरती. पुढं तीच द्यायची की दुसरी, ते त्याचे डॉक्टर त्याच्याशी बोलून ठरवतील. पण काहीच न देणं, हा उपाय नाही. वर्षभर त्या गोळीनंच सांभाळलंय त्याला."

चंद्रहास जगेल का, हे न विचारता मृदुला त्या यंत्राकडे बघू लागली. डॉक्टरला ते कळलं असावं. "पातळी खाली येतेय," ती म्हणाली. "डोक्यातून निघायला वेळ लागतो. कंप थोडा मागं राहू शकतो, चालतानाचा झोकही. वाट बघू."

वाट बघितली. यंत्र घरघरत होतं. मृदुला त्याच्या हाताकडे बघत बसली. चादरीवर बोटं उडत होती, पकडलेल्या माशासारखी. तिनं आपला हात त्यावर ठेवला, तर तिचाही हात उडू लागला. दुपार कलली. खिडकीबाहेर ढग आले, काळे, खालून पिवळे. पहिले थेंब काचेवर आपटले तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"कांदे," तो म्हणाला. जड, पण स्वच्छ.

"जगदीशभाई ताडपत्री टाकतायत. त्यांची माणसं आहेत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी घेत होतो गोळी."

"माहीत आहे."

"रोज घेत होतो."

"माहीत आहे रे मला." तिनं कपाळ त्याच्या हातावर टेकलं. हात कापतच होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीत श्यामलाबाई बसल्या होत्या. तोंडात पदराचा बोळा. आता त्यांनी तो काढला. "मृदुला," त्या म्हणाल्या, "सुधाकर."

"कुठला सुधाकर?"

"माझ्या चुलतभावाचा पोरगा. तो रिकार्टनचा. नाताळात दोन दिस राहून गेला, न्हाई का? त्यानं चंदूची बाटली बघितली ओट्यावर. मला म्हणाला, आत्या, माझीपण हीच आहे. घरी कुणाला ठाऊक न्हाई, आईलाबी न्हाई. शपथ घातली मला." त्यांचा श्वास अडकला. "म्या त्याला नवस सांगितला. चंदूला गुण आला, तुलाबी येईल म्हटलं. संक्रांतीला फोन आला त्याचा. आत्या, सुरू केलं म्हणाला."

मृदुला उभी राहिली. रिकार्टन. म्हणजे क्राइस्टचर्च, दक्षिणेचं बेट. मध्ये समुद्र. हे वादळ इकडंच होतं. तिकडं आज वायव्येचा गरम वारा आणि आग ओकणारं ऊन, बातम्यांत सांगत होते. सुधाकर एकटा राहायचा. एका खोलीत, विद्यापीठाजवळ कुठंतरी. तिनं नंबर लावला. घंटी वाजली, वाजत राहिली, बंद झाली. पुन्हा लावला. या वेळी वाजलीच नाही.

"पत्ता?"

"न्हाई ठाऊक," श्यामलाबाई म्हणाल्या. "देशी दुकानं हायती, त्याच्या मागं, म्हणाला होता."

समीर तिकडच्या पोलिसांना फोन लावू लागला. पत्ता नसेल तर वेळ लागेल, असं पलीकडून सांगत होते. मृदुलानं इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. 'लिथियम' लिहिलं आणि पुसलं. ज्यानं आईलासुद्धा सांगितलं नाही, त्याचं गुपित हजार माणसांत कसं टाकायचं? यंत्र घरघरलं. तिनं चंद्रहासकडे पाहिलं, आणि लपवण्यासारखं तेवढं लपवून बाकीचं लिहिलं. चुका न सुधारता, जे कोण वाचत असेल त्याला.

रिकार्टनला कुणी आहात का? विद्यापीठाजवळ, देशी दुकानांच्या मागच्या गल्लीत सुधाकर नावाचा एकटा मुलगा राहतो, उंच, चष्मा लावतो. फोन उचलत नाही. दुकानात विचारा, कुणाला तरी खोली माहीत असेल. दार वाजवा. उघडलं नाही तर फोडा, दाराचं आम्ही बघू. हात कापत असतील, झोक जात असेल, शब्द अडखळत असतील, तर तो प्यायलेला नाही, कृपा करून तसं समजू नका. कसली गोळी, का घेतोस, काही विचारू नका. एकशे अकरा लावा, तो मीठ खात नाहीये एवढं सांगा, आणि गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. तुम्ही वाचताय ना? उत्तर नंतर लिहा. आधी जा.